वाटाड्याच्या मागे: सातारा-सांगलीच्या सह्याद्रीतील दीर्घ पदभ्रमणाच्या अभ्यासाला प्रस्तावना

महाबळेश्वरपासून दक्षिणेला निघालेली सह्याद्रीची मुख्य धार कोयनेच्या पश्चिमेने सरकत चांदोलीच्या रानात वारणेच्या उगमापर्यंत पोचते. सातारा जिल्ह्याचा पश्चिम काठ आणि सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्याचा पश्चिम कोपरा या धारेला टेकलेला आहे. पाठीवर आपला बोजा घेऊन, स्थानिक वाटाड्याच्या मागे, या मुलखात सलग तीन-चार दिवस किंवा त्याहून अधिक चालायचे, संध्याकाळी एखाद्या वाडीच्या देवळात पथारी टाकायची आणि सकाळी पुढची वाट धरायची. या चालण्याचा पद्धतशीर अभ्यास हा प्रस्तुत लेखनाचा विषय आहे. या विषयात यायला पुष्कळ दारे आहेत. कोणी किल्ल्यांच्या ओढीने येतो, कोणी फुलांच्या, कोणी दगडांच्या, तर कोणाला विस्थापित गावांचा प्रश्न इथवर आणतो. या सर्वांचे स्वागत आहे.

आरंभीच एक भूमिका मांडतो, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. या डोंगरातली वाट हे माणसांच्या पायांत आणि स्मरणात साठलेले ज्ञान आहे. पाय थांबले की वाट मोडते आणि वाट मोडली की ते ज्ञानही एका पिढीत नाहीसे होते. म्हणून या अभ्यासाचे पहिले साधन म्हणजे वाटाड्या. नकाशे, गॅझेटियर आणि उपग्रहचित्रे त्याच्यानंतर येतात. त्याच्याकडून शिकणे, शिकलेले त्याच्या नावानिशी नोंदवणे आणि त्या विद्येचे योग्य मोल चुकते करणे ही या क्षेत्राची तीन कर्तव्ये आहेत.

दीर्घ चालणे महाराष्ट्राला नवे नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत सातारा जिल्ह्यातून जाते. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवासाठी सासवडकडून येणाऱ्या कावडी अनेक दिवसांची वाट तुडवून मुंगी घाटाचा उभा चढ चढतात. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात १६६० च्या रणसंग्रामाचे स्मरण म्हणून जुलैच्या पावसात पन्हाळा ते पावनखिंड अशी पदयात्रा निघते. मुक्काम कुठे करायचा, मागे राहिलेल्याला कसे सांभाळायचे, चालीचा वेग कोणाच्या पायांवरून ठरवायचा, हे सारे या परंपरांनी आपल्याला केव्हाच शिकवले आहे. मात्र तिथली वाट सर्वांना ठाऊक असते आणि हजारो पाय ती दरवर्षी ताजी करतात. कोयना-चांदोलीच्या रानातली वाट मोजक्याच लोकांना ठाऊक आहे. आपला अभ्यास या फरकापासून सुरू होतो.

प्रथम जमीन पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे एकावर एक थर पसरत गेले आणि दख्खनचे पठार घडले. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी पाटण तालुक्यातल्या गोठणे येथे तीन किलोमीटर खोल वेधछिद्र घेतले गेले, तेव्हा तिथे बेसाल्टच्या थरांची एकूण जाडी सुमारे सव्वा किलोमीटर भरली. त्याखाली ग्रॅनाइटचा पाया लागला. हे थर जवळजवळ आडवे आहेत. कठीण थराचा कडा होतो आणि मऊ थर झिजून त्याचा पदर होतो, म्हणजे कड्यांच्या मधली रुंद, झाडीने भरलेली पायरी. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. वाई तालुक्यातल्या कमळगडावर खडकात खोल उतरणारी कावेची विहीर आहे. तिच्या भिंतींत हा गेरूचा थर हाताने चाचपून पाहता येतो. अशा मऊ पट्ट्यांशी पाणी झिरपते, कपारी होतात आणि पुढे माणसे त्यांत टाकी खोदतात.

या रचनेचा चालणाऱ्यावर थेट परिणाम होतो. पदरातून मैलोन्मैल आडवे जाता येते, पण वरच्या किंवा खालच्या पदरात जायचे तर कड्याला फट पडलेली असेल तिथूनच जावे लागते. ती फट म्हणजे कुठे नाळ, कुठे घळ, कुठे खिंड, तर कुठे कातळात खोदलेल्या चार पावठ्या. शेजारी-शेजारी असलेल्या दोन घळींपैकी एक कोकणात उतरवते आणि दुसरी शंभर फुटांच्या तुटलेल्या कड्यावर नेऊन सोडते, तरी वरून दोन्ही सारख्याच दिसतात. आल्प्स किंवा हिमालयाच्या मानाने हे डोंगर बुटके आहेत. महाबळेश्वरचे सर्वांत उंच ठिकाण १४३८ मीटर भरते, वासोटा ११७१ मीटर. इथली परीक्षा बर्फाची किंवा विरळ हवेची नसते. ऊन, तहान, घसारा आणि चुकीची घळ या चार गोष्टी इथे माणसाला अडचणीत आणतात. चारही बाबतींत वाटाड्याचा अनुभव पुस्तकी तयारीपेक्षा फार पुढे असतो.

दुसरा विषय पाऊस आणि ऋतू. महाबळेश्वर आणि नवजा परिसरात वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात आणि पुढे सांगलीच्या आटपाडी-जत भागात तो पाचशेच्या आसपास येतो. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना पाण्याची अशी दोन वेगळी जगे आहेत. पण पश्चिमेचा हा अफाट पाऊस चार महिन्यांचा पाहुणा असतो. कातळावरून तो धावत निघून जातो आणि फेब्रुवारी उजाडला की त्याच डोंगरावर पिण्याचे पाणी शोधावे लागते. मुक्कामाची जागा त्यामुळे पाण्यावरून ठरते. कोणते टाके मार्चपर्यंत टिकते, कोणत्या झऱ्यावर मे महिन्यातही करवंटीने पाणी भरता येते, कोणत्या टाक्यातले पाणी जनावरेही टाळतात, ही माहिती कोणत्याही नकाशावर नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या मुलखात चालण्याचा खरा काळ. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पातल्या वाटा बंद असतात आणि त्यामागे सबळ कारण आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे दगावली. भिजलेल्या उतारावर काय होऊ शकते हे त्या दिवसांनी साऱ्या महाराष्ट्राला दाखवले.

ऋतूबरोबर वाटही बदलते. सह्याद्रीत कारवीचे रान सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. कारवी पुरुषभर वाढलेली असते तेव्हा तिच्यात शिरलेल्याला दोन हातांपलीकडचे दिसत नाही. ती मेली की तोच उतार उघडा पडतो आणि ओळखीच्या खुणा बदलतात. कास पठारावर जांभ्याच्या सड्यावर पातळशी माती आहे. पावसाळ्याच्या अखेरीस तिच्यावर फुलांचे गालिचे पसरतात. साताऱ्याचे नाव शास्त्रीय नावात वागवणारा वायतुरा याच भागातला. वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. सड्यावरून चालताना पाऊल कुठे टाकावे हा त्यामुळे शिस्तीचा जितका, तितकाच विज्ञानाचाही प्रश्न ठरतो.

तिसरा विषय इतिहास. या धारेला छेदून घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा शतकानुशतके मीठ, धान्य आणि माणसे वाहत आल्या. पारघाट, हातलोट घाट, कुंभार्ली अशी नावे त्यांतली. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा या वाटांवरचा ताबा स्वराज्याकडे आला. तीन वर्षांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले, त्यातही दाट रानातल्या वाटा कोणाला ठाऊक होत्या याला मोठे महत्त्व होते. मकरंदगड, महिमंडणगड, वासोटा, जंगली जयगड, भैरवगड, प्रचितगड ही किल्ल्यांची माळ पाहिली की प्रत्येक किल्ला कोणत्या ना कोणत्या घाटवाटेवर नजर ठेवून आहे हे ध्यानात येते. किल्ला एकटा पाहिला तर तटबंदी, टाकी आणि दरवाजे दिसतात. वाटेने चालत एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर गेले की त्यांच्यामागची योजना उलगडते. दीर्घ पदभ्रमण ही इतिहास-संशोधनाची एक पद्धत आहे असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

या वाटांचा दुसरा, अलीकडचा इतिहास विस्थापनाचा आहे. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय साठच्या दशकात भरू लागला आणि खोऱ्यातली गावे, शेते, बाजाराच्या वाटा पाण्याखाली गेल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. धरणाचा जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचा जगभर अभ्यास होतो, त्यात हे नाव आजही अग्रभागी असते. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले, चांदोली त्याच वर्षी अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. त्याचे एकूण क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातले सुमारे ६०० चौरस किलोमीटर गाभ्याचे आहे. गाभ्यातली अनेक गावे बाहेर वसवली गेली. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवली आता वस्तीचे गाव राहिलेले नाही. बामणोलीहून तास-दीड तास लाँचने आलेले लोक तिथे उतरून चढाई सुरू करतात. चांदोलीत झोळंबीचा सडा गावाचे नाव राखून आहे, गाव मात्र दुसरीकडे गेले आहे. ज्या वाटा रोजच्या ये-जा करण्याने, गुरांच्या खुरांनी आणि यात्रेकरूंच्या पायांनी उघड्या राहत होत्या, त्यांच्यावर आता गवे आणि सांबरे चालतात.

इथे आपल्या विषयातला सर्वांत कठीण प्रश्न समोर येतो. वाट टिकण्यासाठी चालणारे हवेत आणि रान टिकण्यासाठी काही ठिकाणी माणसाने पाऊल टाकू नये. माझे मत स्पष्ट आहे. गाभ्याच्या क्षेत्रात वन विभागाचा नियम अंतिम मानावा. वासोट्याला परवानगी घेऊन, ठरलेल्या वेळेत जावे आणि दिवस मावळण्याआधी परतावे. तिथे मुक्कामाचा हट्ट धरू नये. रानगवा, अस्वल, बिबट्या, रानकुत्री, शेकरू आणि क्वचित खुणा देणारा वाघ यांना रात्रीचे रान पूर्णपणे मिळाले पाहिजे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार ठिकाणे त्यात घेतली गेली. त्यातली तीन आपल्या या पट्ट्यातली आहेत. हा मान सांभाळण्याची पहिली जबाबदारी इथे हौसेने चालणाऱ्यांची आहे. बंद झालेल्या वाटांचे ज्ञान मात्र कागदावर, ध्वनिमुद्रणात आणि नकाशात टिपून ठेवता येते. जुन्या गावांतली जाणती माणसे आहेत तोवरच हे काम होऊ शकते.

अनेक दिवसांचे चालणे त्यामुळे गाभ्याच्या बाहेर, जिथे वस्ती आहे आणि वाटा जागत्या आहेत तिथे करावे. अशा जागांना तोटा नाही. मकरंदगडाच्या अंगावरच्या घोणसपूरला मल्लिकार्जुनाच्या देवळात पथारी टाकता येते. कांदाटी खोऱ्याच्या बाजूला महिमंडणगड, चकदेव आणि पर्वत ही तीन ठिकाणे एका मोहिमेत गुंफता येतात. शिंदी, वळवण अशी गावे मुक्कामाला असतात आणि कोकणातून चकदेवला चढणारी शिड्यांची वाट पाहता येते. उत्तरेला रायरेश्वर, केंजळगड आणि कमळगड ही रांग वाईच्या खोऱ्यावर नजर ठेवून आहे. सांगलीकडे शिराळा तालुक्यात गुढे-पाचगणीच्या पठारावर उभे राहिले की एका बाजूला वारणेचे खोरे आणि दुसऱ्या बाजूला पूर्वेकडे कोरडी होत गेलेली जमीन दिसते. त्या एका नजरेत दोन्ही जिल्ह्यांचा भूगोल समजतो. कुठेही निघण्यापूर्वी त्या हंगामातले वन विभागाचे नियम विचारून घ्यावेत, कारण सीमा आणि परवानग्या बदलत असतात.

आता वाटाड्याविषयी. त्याचे ज्ञान नेमके कशाचे असते, याची नोंद अजून कोणी नीट केलेली नाही. तो वाट ओळखतो ती केवळ खुणांवरून नव्हे. कोणत्या उतारावर गवत केव्हा घसरते, गव्याच्या कळपाला कोणत्या बाजूने वळसा घालावा, कोणत्या कड्यावर आग्यामोहोळ बसले आहे आणि तिथून जाताना धूर व अत्तर का टाळावे, हिरडा वेचणारी माणसे कोणत्या आठवड्यात कुठे भेटतील, कोणत्या वाडीत रात्री उशिरा पोचले तरी पिठले-भाकरी मिळेल, हे सारे त्याच्या हिशेबात असते. सड्यांवर आणि डोंगरमाथ्यावर गुरे राखणाऱ्या गवळी धनगरांचे ज्ञान याहूनही वेगळे आहे. त्यांना गवत, पाणी आणि जनावरांच्या सवयी यांच्या आधारे डोंगर ठाऊक असतो. हे सारे मराठीच्या स्थानिक शब्दांत साठलेले आहे आणि ते शब्दही वाटांबरोबरच जपायला हवेत.

आल्प्समध्ये शामोनीच्या वाटाड्यांनी १८२१ मध्ये आपली संघटना उभारली. कोणाची पाळी केव्हा, मोबदला किती, अपघात झाला तर कुटुंबाचे काय, हे तिने ठरवून दिले. त्यामुळे वाटाड्याचा व्यवसाय तिथे प्रतिष्ठेचा झाला. आपल्याकडे या दिशेने पावले पडत आहेत. कास पठारावर कास, कासाणी, एकीव आणि आटाळी या गावांच्या समितीने वन विभागाच्या सोबतीने प्रवेशशुल्क, कुंपण, गर्दीवर मर्यादा आणि गावातल्या तरुणांना काम अशी व्यवस्था उभी केली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पण कांदाटी खोऱ्यातल्या एखाद्या वाडीतला पन्नाशीचा वाटाड्या अजूनही ‘द्याल ते द्या’ म्हणतो आणि शहरातून आलेला गट ते खरे मानून चालतो. हे बदलले पाहिजे. दिवसाचा दर आधी ठरवावा, परतीच्या दिवसाचेही पैसे द्यावेत, त्याचे जेवण आणि विमा आपल्या खर्चात धरावा. या गोष्टी या क्षेत्राच्या नीतिशास्त्राचा पाया आहेत.

सुरक्षिततेचा विचार यालाच जोडून येतो. या रानात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे आहेत, दाट झाडीत चापडाही भेटतो. सर्पदंश झाल्यास दंशाची जागा कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे चुकीचे आहे. रुग्णाला स्थिर ठेवून, धीर देऊन, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात लवकरात लवकर नेणे हाच उपाय. म्हणून मुक्कामाच्या प्रत्येक गावापासून असे रुग्णालय किती तासांवर आहे हे निघण्यापूर्वी कागदावर असले पाहिजे. दोरावरचे कौशल्य कोणाच्या उपयोगी पडते याचे उदाहरणही इथलेच आहे. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली, तेव्हा महाबळेश्वर ट्रेकर्सचे कार्यकर्ते मदतकार्यासाठी दरीत उतरले होते. गिर्यारोहण हा छंद म्हणून शिकलेल्या माणसांनी त्या दिवशी समाजाचे ऋण फेडले. साताऱ्याच्याच प्रियांका मोहिते २०१३ मध्ये एव्हरेस्टवर आणि २०२१ मध्ये अन्नपूर्णेवर पोचल्या. सह्याद्रीच्या अंगणात वाढलेली पावले कुठवर जातात हे त्यांनी दाखवले आहे.

या विषयाची पूर्वपरंपरा समृद्ध आहे आणि नव्या अभ्यासकाने ती आनंदाने वाचावी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्यावरचा खंड १८८५ मध्ये निघाला. राज्यकर्त्यांच्या गरजेतून तो लिहिला गेला हे ध्यानात ठेवूनही घाटवाटा आणि किल्ल्यांसाठी तो आजही उघडावा लागतो. गो. नी. दांडेकरांनी दुर्गभ्रमणाला मराठी साहित्यात मानाचे स्थान मिळवून दिले. प्र. के. घाणेकरांनी किल्ल्यांबरोबर वनस्पतींकडे आणि दगडांकडे पाहायला शिकवले. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने वाटांची माहिती व्यवस्थित मांडण्याचा आदर्श घालून दिला. आताच्या सांगली जिल्ह्यातल्या माडगुळ्यात जन्मलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांचे जे निरीक्षण केले, ते रानात बसून पाहण्याचा धडा म्हणून वाचावे. मारुती चितमपल्लींनी रानात राहणाऱ्या माणसांचे शब्द आदराने उचलले. या साऱ्यांनी वाट चालून लिहिले. वाट दाखवणारा मात्र बहुतेक पुस्तकांत एखाद्या ओळीपुरता येतो. पुढच्या पिढीने ही उणीव भरून काढावी.

करण्यासारखे पुष्कळ आहे. विस्थापित गावांतल्या वृद्धांकडून जुन्या घाटवाटांचे कथन गोळा करता येईल. एकाच धारेवरच्या टाक्यांच्या पाण्याची महिन्यागणिक नोंद काही वर्षे ठेवली तर बदलत्या पावसाचा अभ्यास उभा राहील. वाडी-वाडीतल्या वाटाड्यांना प्रथमोपचार आणि दोराचे प्रशिक्षण देऊन, त्यांच्या स्वतःच्या संघटना कशा होतील हे पाहता येईल. दीर्घ चालण्यातून गावात किती पैसा खरोखर राहतो, याचा प्रामाणिक हिशेब कोणीतरी मांडायला हवा. इतिहासाचा विद्यार्थी, भूशास्त्राचा प्राध्यापक, परिचारिका, वनरक्षक, शिक्षक आणि गावातला तरुण, प्रत्येकाला यात आपला वाटा उचलता येईल.

नव्याने येणाऱ्याला माझे सांगणे इतकेच. पहिल्या मोहिमेला एकच खोरे निवडा आणि तिथल्या एकाच वाटाड्याबरोबर वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा चला. रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून दिवसभराची टिपणे मोठ्याने वाचा आणि तो सांगेल त्या दुरुस्त्या करा. ते लेखन प्रसिद्ध करण्याआधी कोणत्या जागा उघड करायच्या आणि कोणत्या नाहीत, हे त्यालाच विचारा. काही झरे, काही मोहोळे आणि काही देवरायांचा पत्ता गावाला आपल्यापुरताच ठेवायचा असतो. मग त्याची संमती असेल तर लेखकांच्या ओळीत आपल्या नावाशेजारी त्याचे नाव छापा.